हरण्याचा हक्क

कार्तिक शुद्ध प्रतिपदेला आपण पाडवा म्हणतो, बलिप्रतिपदा म्हणतो. तिला तिसरेही एक नाव आहे. पण घरातली वडीलधारी मंडळी ते मुलांदेखत सहसा उच्चारत नाहीत. ते नाव म्हणजे द्यूतप्रतिपदा. या दिवशी पार्वतीने शंकराला द्यूतात हरवले अशी कथा आहे, आणि पाडव्याच्या डावावरून पुढच्या वर्षाचा कौल घ्यावा असा जुना संकेत आहे. तेव्हा दिवाळीच्या अंकात जुगाराचा विषय काढला म्हणून वाचकांनी कपाळाला आठ्या घालू नयेत. शास्त्राचा आधार आहे.

तो आधार शोधत गेले तर फार मागे जावे लागते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात अक्षसूक्त आहे. त्यातल्या जुगाऱ्याचे घर तुटले आहे आणि तरी फाशांकडे वळणारे पाय त्याला आवरत नाहीत. नळराजा पुष्करापुढे राज्य हरला. युधिष्ठिर शकुनीपुढे काय काय हरला ते सांगायला नकोच. या साऱ्या वाङ्मयात हरलेला जुगारी आहे, फसवलेला आहे, पश्चात्ताप झालेला आहे आणि न झालेलाही आहे. एकच जुगारी मात्र कुठे सापडत नाही: पटाशी बसायला जागा मिळाली नाही म्हणून दारातून परत गेलेला. युधिष्ठिराला तर बोलावणे आले होते, आणि आलेले बोलावणे क्षत्रियाने नाकारायचे नाही म्हणून तो गेला. हातात पैसे घेऊन ‘मला बसू द्या’ म्हणणारा, आणि ‘जागा संपली’ हे उत्तर ऐकून माघारी फिरणारा जुगारी मला भेटला तो फार उशिरा. ६ जुलै २००९ या दिवशी, अमेरिकेतल्या लास व्हेगास शहरात. तो एकटा नव्हता. ते शेकडो होते. हा लेख त्यांच्याविषयी आहे.

मी स्वतः पत्ते खेळतो ते मेंढीकोट आणि बदाम सात एवढेच. शाळामास्तराला त्यापुढे जाणे शोभत नाही आणि परवडतही नाही. पण कादंबऱ्या लिहिण्याचा मला नाद आहे. माणूस कशासाठी जीव पाखडतो हे पाहणे हा त्या धंद्याचा भागच आहे. जिंकण्यासाठी धडपडणारी माणसे सगळीकडे दिसतात. दहांपैकी नऊ जण हमखास हरणार, हे ठाऊक असताना त्या दहांत आपण असावे म्हणून धडपडणारी माणसे पाहिली, तेव्हा त्यांच्यामागे जाऊन थोडा इतिहास चाळावा असे वाटले.

खेळ आहे पोकर. आपल्याकडची तीनपत्ती ज्यांना ठाऊक आहे त्यांना त्याची जातकुळी चटकन ओळखता येईल. तोच आडाखा, तीच छाती, तेच ‘पॅक’ करून गप्प बसणे. लास व्हेगासच्या मोठ्या स्पर्धेत जो प्रकार खेळतात त्यात प्रत्येकाच्या हातात दोन झाकली पाने असतात आणि सर्वांच्या समाईक अशी पाच पाने टेबलावर एकेका टप्प्याने उघडली जातात. प्रत्येक टप्प्याला बोली लागते. स्पर्धेत शिरताना प्रवेशाची ठरावीक रक्कम भरायची. तिच्या बदल्यात प्रत्येकाला सारख्याच चकत्या मिळतात. त्या संपल्या की माणूस उठला. शेवटी सर्वांच्या चकत्या एकाकडे जमतात आणि तो विजेता ठरतो. मधल्या काळात जे बऱ्याच उशिरापर्यंत टिकतात त्यांनाही कमीअधिक रक्कम मिळते. बाकीच्यांचे पैसे बुडतात.

या खेळाचे एक तत्त्व आरंभीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचे काम पडणार आहे. पोकरमध्ये बोलण्याच्या पाळीला फार किंमत आहे. जो आधी बोलतो तो अंधारात बोलतो. जो शेवटी बोलतो त्याला इतरांची चाल दिसलेली असते. म्हणून ‘शेवटची पाळी’ हे तिथे धन मानतात, आणि ती सर्वांना आळीपाळीने मिळावी म्हणून ‘बटण’ नावाची एक खूण प्रत्येक डावाला एकेक घर पुढे सरकवतात. थांबून राहणे, घाई न करणे, दुसऱ्याला आधी बोलू देणे हे मुरलेल्या खेळाडूचे लक्षण. नवशिका घाई करतो, पटाईत थांबतो.

आता इतिहास. बेनी बिनियन नावाचा टेक्सासचा एक गृहस्थ १९४० नंतरच्या दशकात डॅलसमधले आपले जुगाराचे बस्तान उठल्यावर लास व्हेगासला आला. गृहस्थ हा शब्द सवयीने लिहिला. त्याच्या हातून माणसे मेली होती आणि कर चुकवल्याबद्दल तो पुढे तुरुंगातही जाऊन आला. १९५१ साली त्याने ‘हॉर्सशू’, म्हणजे घोड्याची नाल, या नावाचा जुगारखाना उघडला. बोलीला वरची मर्यादा नाही, अशी त्या घराची ख्याती झाली. १९७० साली त्याने देशातले नामांकित पोकरबहाद्दर आपल्याकडे बोलावून घेतले आणि त्या मेळाव्याला ‘जागतिक मालिका’ असे भारदस्त नाव दिले. त्या पहिल्या वर्षी नावनोंदणी नव्हती, खिडकी नव्हती, प्रवेशशुल्कही नव्हते. काही दिवस खेळ झाला आणि तुमच्यात श्रेष्ठ कोण ते तुम्हीच मताने ठरवा, असे खेळाडूंना सांगण्यात आले. पहिल्या मतदानात प्रत्येकाने स्वतःलाच मत दिले, मग ‘तुमच्याखालोखाल कोण’ असे विचारावे लागले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा रचलेली, माणसाच्या स्वभावाला धरून आहे. निवड झाली ती जॉनी मॉस या वयोवृद्ध खेळाडूची.

पुढच्याच वर्षी मताची पद्धत गेली आणि चकत्या संपेपर्यंत खेळण्याची रीत आली. १९७२ साली मुख्य सामन्याचे प्रवेशशुल्क दहा हजार डॉलर ठरले. त्या वर्षी आठ जण बसले. १९७३ साली तेरा. त्याच सुमारास नेवाडा विद्यापीठाच्या मौखिक इतिहासासाठी मुलाखत देताना बिनियनने पुढचा अंदाज सांगितला: पुढच्या वर्षी वीसहून अधिक येतील, आणि कोणी सांगावे, पन्नासपर्यंतही आकडा जाईल. म्हाताऱ्याच्या बोलण्यातली ही ‘पन्नास’ची झेप वाचली की हसू येते आणि थोडा गहिवरही येतो. आपण काय पेरतो आहोत ते पेरणाऱ्याला कधीच नीट दिसत नाही.

एक गोष्ट इथे टिपून ठेवण्यासारखी आहे. १९७० साली आत जायला ओळख लागत होती. १९७१ पासून पैसा लागू लागला. पैशाने आत जाता येते हे ऐकून नीतिमान माणूस नाक मुरडील. पण त्या दोन वर्षांत एक दार उघडले, हे नाकारता येणार नाही. कोणाची शिफारस नको, कुळ नको, कीर्ती नको. दहा हजार डॉलर मोजा आणि गतवर्षीच्या विजेत्याशेजारी बसा. क्रिकेटच्या कसोटीत किंवा बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदात असे कोणी म्हणत नाही. या सामन्याची सारी मोहिनी त्या एका वाक्यात आहे.

मोहिनी होती, पण दहा हजार डॉलर कोणाकडे होते? १९७२ च्या दराने ते आपले पाऊण लाख रुपये झाले. अमेरिकेतही ती रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्यातली नव्हती. या अडचणीतून जी युक्ती निघाली तिला ‘सॅटेलाइट’ म्हणतात, म्हणजे उपग्रह. एरिक ड्रॅक नावाचा स्पर्धेचा एक व्यवस्थापक होता. एका टेबलावर दहा जण बसले आहेत आणि प्रत्येकापुढे हजारेक डॉलर आहेत, हे पाहून तो म्हणाला की सारे एकत्र करा, खेळा, आणि जो जिंकेल त्याने मुख्य सामन्यात जावे. दहा जणांचे हजार, एकाची जागा. आपल्या भिशीसारखेच गणित. फरक एवढाच की भिशीत प्रत्येकाची पाळी येते, इथे नऊ जणांची येत नाही.

या उपग्रहांनी खेळाडूंची संख्या शंभरावर नेली. १९८२ साली १०४ जण बसले. १९८३ साली १०८ बसले आणि टॉम मॅकेव्हॉय विजयी झाला. हा मिशिगनमधला हिशेबनीस. नोकरी सुटल्यावर लास व्हेगासला आलेला. सॅटेलाइट जिंकून आत आलेला आणि मुख्य सामनाही जिंकणारा तो पहिला मनुष्य. पाच लाख चाळीस हजार डॉलर त्याने मिळवले. दार केवळ श्रीमंतांसाठी उघडे नाही याचा तो पुरावा ठरला.

दुसरा पुरावा मिळायला वीस वर्षे गेली, आणि योगायोग असा की तोही हिशेबनीसच होता. टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर. हे त्याचे खरेखुरे आडनाव. कादंबरीत असे नाव ठेवले तर संपादक कापून टाकील. २००३ साली त्याने इंटरनेटवर ८६ डॉलरची एक स्पर्धा खेळली. तीतून मोठी स्पर्धा मिळाली. तिच्यातल्या पहिल्या तिघांना मुख्य सामन्याची जागा होती आणि चौथ्याला आठ हजार डॉलर रोख. मनीमेकर कर्जात होता. त्याला चौथा क्रमांक हवा होता! मित्राने त्याला परावृत्त केले, आणि तो जागा जिंकून बसला. ती जागा विकून रोकड करता येत नव्हती. म्हणून तो गेला. त्यापूर्वी तो समोरासमोरच्या स्पर्धेत कधी बसला नव्हता. ८३९ खेळाडूंत तो पहिला आला आणि पंचवीस लाख डॉलर घेऊन गेला.

याच सुमारास दूरचित्रवाणीवर खेळाडूंची झाकली पाने प्रेक्षकांना दाखवण्याची सोय रूढ झाली होती. तिचे पेटंट हेन्री ओरेन्स्टीन यांचे. हे नाझींच्या छळछावण्यांतून वाचलेले आणि अमेरिकेत खेळणी बनवून नावारूपाला आलेले गृहस्थ. झाकली पाने दिसू लागताच घरबसल्या प्रत्येकाला वाटू लागले की हे तर मलाही जमेल. पुढचे आकडे बोलके आहेत. २००४ साली २,५७६ खेळाडू. २००५ साली ५,६१९. २००६ साली ८,७७३. बिनियनच्या ‘पन्नास’ची ही गत झाली. हॉर्सशूच्या जुन्या वास्तूत ही माणसे मावणे शक्य नव्हते. त्या घराचीही दशा पालटली होती. मालकी हातची गेली होती, आणि २००५ साली स्पर्धा ‘रिओ’ नावाच्या प्रचंड हॉटेलात हलवण्यात आली.

आता त्या ६ जुलैकडे येण्यापूर्वी मधला एक दुवा सांगितला पाहिजे. इंटरनेटवरच्या कंपन्या २००६ पर्यंत आपल्या विजेत्यांची नावे आणि पैसे परस्पर स्पर्धेच्या कचेरीत भरत असत. विजेत्याने फक्त विमानात बसायचे. २००६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेने इंटरनेटवरील जुगाराच्या पैशाची देवघेव रोखणारा कायदा केला. त्यानंतर स्पर्धेच्या चालकांनी अशा कंपन्यांकडून परस्पर नोंदणी घेणे बंद केले. तेव्हापासून कंपन्या विजेत्याच्या खात्यात रोख रक्कम जमा करू लागल्या. खिडकीपर्यंत जाणे ज्याचे त्याच्यावर आले. २००७ साली संख्या ६,३५८ वर घसरली. मनीमेकरला जागा मिळाली होती, रोकड नव्हे, म्हणून तो गेला. आता हाती रोकड होती, आणि रोकड हाती असली की माणूस उद्या जातो.

२००९ चा मुख्य सामना ३ जुलैला सुरू झाला. एवढी माणसे एका दिवशी बसणार कशी? म्हणून ‘पहिला दिवस’ चार वेळा ठेवला होता: ३, ४, ५ आणि ६ जुलै. ज्याने त्याने आपल्या सोयीचा एक दिवस निवडायचा, त्या दिवशी खेळायचे, आणि उरलेल्या चकत्या पिशवीत बंद करून पुढच्या फेरीची वाट पाहायची. पहिल्या दिवशी १,११६ आले. दुसऱ्या दिवशी अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन होता, ८७३ आले. तिसऱ्या दिवशी १,६९६. आणि चौथ्या दिवशी २,८०९ जण बसले, सारी टेबले भरली, आणि खिडकीपुढे रांग तशीच उभी होती. जागा संपल्याचे जाहीर झाले. पाचवा ‘पहिला दिवस’ नव्हता. रांगेतले शेकडो लोक, खिशात दहा हजार डॉलर असताना, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ पाच लाख रुपये असताना, परत गेले.

गणित मांडून पाहा. चौथ्या दिवसाइतकीच माणसे पहिल्या तीनही दिवशी बसू शकत होती असे धरले, तर त्या तीन दिवसांत साडेचार हजारांहून अधिक खुर्च्या रिकाम्या राहिल्या. जागा नव्हती असे नाही. जागा काल होती.

मग लोक थांबले का? कारणे होती, आणि एकेकटे पाहिले तर प्रत्येक कारण शहाणपणाचे होते. पहिल्या दिवशी खेळणाऱ्याला पुढच्या फेरीसाठी तीन दिवस हॉटेलचे भाडे भरत बसावे लागणार; शेवटच्या दिवशी खेळणाऱ्याचा तो खर्च वाचतो. ४ जुलै घरच्यांबरोबर काढावा असे कोणालाही वाटेल. कोणी आदल्या रात्रीपर्यंत सॅटेलाइट खेळत होते, स्वस्तात जागा मिळाली तर पाहावे म्हणून. शिवाय आदल्या वर्षांचा अनुभव होता की खिडकी कोणाला परत पाठवत नाही. सर्वांत मोठे कारण मात्र मी वर सांगून ठेवले आहे. या माणसांचा सारा अभ्यास थांबण्याचा होता. टेबलावर जो शेवटी बोलतो त्याचा फायदा. त्यांनी तोच न्याय खिडकीलाही लावला. परत गेलेल्यांत टी. जे. क्लूटिए आणि पॅट्रिक अँटोनियस यांच्यासारखी मातब्बर नावे होती. क्लूटिए याच सामन्यात १९८५ आणि २००० साली, दोनदा, दुसरा आलेला माणूस. असल्या खेळाडूला डावात घाई करायला लावणे कोणाला जमले नसते. खिडकीवर मात्र बटण सरकत नाही. तिथे पहिला तो पहिला आणि शेवटचा तो शेवटचा.

आयोजकांवर टीकेची झोड उठली, आणि ते साहजिक होते. पण त्या दिवसाची एक बाजू टीकेच्या गदारोळात झाकली गेली. नावाजलेल्या खेळाडूसाठी मागच्या दाराने खुर्ची आली नाही. गावोगावच्या नवशिक्यांना जे उत्तर मिळाले तेच क्लूटिएला मिळाले. १९७१ साली जे दार सर्वांसाठी सारखे उघडले होते, ते अडतीस वर्षांनी सर्वांसाठी सारखेच बंद झाले. उघड्या दाराची खरी परीक्षा ते बंद होते त्या दिवशी होते, असे मला वाटते. आपल्याकडे ‘हाऊसफुल्ल’च्या पाटीमागून आत जाणारी माणसे आपण इतकी पाहिली आहेत की ही गोष्ट नजरेतून सुटू नये.

आत गेलेल्यांचे काय झाले? ६,४९४ जण बसले. त्यांपैकी ६४८ जणांना काही ना काही रक्कम मिळाली. राहिलेले ५,८४६ रिकाम्या हाताने उठले. म्हणजे दहांतले नऊ. परत पाठवलेल्यांनाही हेच प्रमाण लावले तर त्यांतल्या बहुतेकांचे दहा हजार डॉलर त्या पाटीने वाचवले म्हणायचे. एखादा व्यवहारी काका म्हणेल, “बरेच झाले की! देवानेच वाचवले.” पण रांगेतल्या एकाचाही चेहरा वाचवलेल्या माणसासारखा झाला असेल असे मला वाटत नाही. हरून परतलेला माणूस घरी सांगायला एक गोष्ट घेऊन जातो. माझ्याकडे राजे होते, समोर एक्के निघाले. त्या गोष्टीत तो असतो. दारातून परतलेल्याच्या गोष्टीत तो नसतोच, इतर असतात. हरणे हाही एक हक्क आहे, आणि तो खेळात बसल्याशिवाय मिळत नाही.

शाळेत हे चित्र मी दरवर्षी पाहतो. दहावीच्या परीक्षेच्या अर्जाला मुदत असते, आणि मुदतीच्या शेवटच्या दिवशी कारकुनाच्या टेबलापाशी गर्दी लोटते. बाहेरून पाहणारा म्हणतो, पोरे आळशी. पण जवळ जाऊन पाहिले तर त्या रांगेत दोन जातीची मुले दिसतात. एक, ज्याला ठाऊक आहे की आपले काम कधीही होईल. दुसरा, ज्याच्या बापाच्या हाती पैसे आजच सकाळी पडले. दोघे एकाच रांगेत उभे असतात आणि घड्याळ दोघांना सारखेच असते. लास व्हेगासच्या त्या रांगेतही ज्याला जागेची फिकीर नव्हती असा दिग्गज असेल आणि रात्रभर जागून, उसनवारी करून दहा हजार पुरे केलेला कोणी असेल. पहिल्यासाठी मला फार वाईट वाटत नाही. त्याला पुढचे वर्ष आहे. दुसऱ्याला ते असतेच असे नाही.

त्या वर्षाच्या शेवटच्या टेबलाची हकिकत या संदर्भात वाचण्यासारखी आहे. मिशिगनचा जो काडा हा अवघा एकवीस वर्षांचा तरुण जिंकला. त्याला ८५ लाख ४७ हजार ४२ डॉलर मिळाले, आणि या सामन्याचा सर्वांत लहान वयाचा विजेता म्हणून त्याचे नाव लागले. पण मला आठवतो तो दुसरा आलेला डार्विन मून. मेरीलँडमधला हा धिप्पाड लाकूडतोड्या. शेजारच्या राज्यातल्या एका जुगारखान्यात १३० डॉलरचे सॅटेलाइट जिंकून त्याने आपली जागा मिळवली होती. कंपन्या त्याच्या सदऱ्यावर आपली चिन्हे लावायला पैसे घेऊन मागे लागल्या. त्याने नकार दिला. पन्नास लाखांहून अधिक डॉलर घेऊन तो घरी गेला. २०२० साली तो वारला. दिग्गज बाहेर राहिले आणि लाकूडतोड्या शेवटच्या दोघांत पोचला, यातून आळशी सशाची गोष्ट काढायचा मोह मला होतो. पण मून काही कासव नव्हता. त्याच्या हातात पाने आली, त्याने ती खेळली. एवढेच की पाने येण्यासाठी खुर्चीवर असावे लागते.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. २०१० साली ७,३१९ जण बसले. हळूहळू आयोजकांनी मुदतीचा नियमच उलटा केला. अलीकडच्या वर्षांत तर मुख्य सामन्याच्या दुसऱ्या दिवशीही काही वेळ नाव घालता येते, म्हणजे उशिरा येणाऱ्याला दार उघडे ठेवण्याची रीत पडली. थांबणाऱ्यांनी अखेर खिडकीलाही आपले तत्त्व मान्य करायला लावले म्हणायचे! २००६ चा ८,७७३ चा उच्चांक सतरा वर्षे टिकला. २०२३ साली १०,०४३ नोंदी झाल्या, २०२४ साली १०,११२, आणि २०२५ साली ९,७३५. प्रवेशशुल्क मात्र १९७२ पासून दहा हजार डॉलरच आहे. डॉलरची किंमत उतरत गेली तसे ते दार, कोणी न ढकलता, आपोआप रुंद होत गेले. आणखी एक मौज. २०२२ मध्ये स्पर्धा रिओ सोडून दुसऱ्या दोन हॉटेलांत गेली, आणि त्यांतल्या एकाचे नाव त्याच वर्षाअखेर बदलून ‘हॉर्सशू’ ठेवले गेले. म्हाताऱ्याची नाल पुन्हा चौकटीवर ठोकली गेली.

आपल्या मुलखाशी याचा संबंध काय? थोडा आहे. मुंबई इलाख्याचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, आणि महाराष्ट्रात तो आजही पाय रोवून आहे. १९७६ साली आपल्या विधिमंडळाने कॅसिनोंना परवाने देण्याचा कायदा केला. पण तो कधी अमलात आणलाच नाही आणि २०२३ साली रद्द केला. सत्तेचाळीस वर्षे एक दार भिंतीवर रंगवलेले होते, ते पुसले. गोव्यात मांडवीच्या पात्रात कॅसिनोंच्या बोटी उभ्या असतात आणि तिथे पोकरच्या स्पर्धा भरतात. मनीमेकरची वाट, म्हणजे घरी बसून थोड्या पैशांत लास व्हेगासची जागा जिंकण्याची वाट, आपल्या तरुणांसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली तेव्हा बंद झाली. घरे बुडताना पाहिलेला मास्तर त्याबद्दल अश्रू ढाळणार नाही. अक्षसूक्तातली ती तुटलेली घरकरीण आमच्या शाळेच्या वस्तीतही राहते, आणि तिच्या मुलाची फी कुठे गेली हे मला विचारावे लागत नाही.

पण म्हणून त्या रांगेतल्या माणसांवर हसावे असे मला वाटत नाही. त्यांना जुगार हवा असता तर त्या शहरात पावलोपावली टेबले मांडलेली होती. दहा हजार डॉलर हरायला कोणालाही रांग लावावी लागली नसती. त्यांना पाहिजे होती ती एकच जागा, जिथे अनोळखी माणूस आणि जगज्जेता सारख्याच चकत्या पुढे घेऊन बसतात. अशा जागा जगात थोड्या आहेत. परीक्षेचे बाक ही त्यांतली एक, मतदानाची खोली ही दुसरी. तिथे आत बसलेल्यांपैकी बहुतेकांच्या हाती शेवटी काही लागत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. तरी तिथल्या यादीत आपले नाव नसावे हे कोणालाच सोसत नाही.

यंदा पाडव्याला कोणाच्या ओसरीवर पट मांडला गेला, तर पैसे लावू नका एवढेच मास्तर म्हणून सांगेन. पण कोपऱ्यात उभे राहून पाहणारे एखादे पोर दिसले, तर थोडे सरकून त्याला जागा करून द्या. हरेल तर हरेल. बसू तर द्या.